हद्दीचा दगड आणि पुनाजी कोतवाल

मीराने कॅनडाहून पत्र लिहिले आहे. त्यांच्या शेजाऱ्याने नवे लाकडी कुंपण घातले आणि ते वीतभर यांच्या अंगणात आले. शेजारी रोज हसून हात करतो, त्यामुळे भांडताही येत नाही. सून म्हणते सोडून द्या, मुलगा म्हणतो वकील करू. शेवटी मीराने विचारले आहे, "आजी, तू पूर्वी हद्दीच्या दगडांचे काम करत होतीस असे बाबा सांगतात. म्हणजे नेमके काय करत होतीस?" तिच्या धाकट्या भावाचा, अनंतचा, समज असा झाला आहे की मी दगड फोडत असे.

उत्तर पत्रात मावेना. त्याच सुमारास या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले काही लिहा' म्हणून तगादा लावला होता. तेव्हा एका लेखात दोन्ही कामे उरकते. अंक तिकडे दिवाळीनंतर महिन्याने पोचेल. तोवर कुंपण काही हलणार नाही.

मुलांनो, दगड मी फोडले नाहीत. दगडांविषयीचा एक फार जुना, परक्या मुलखातला कायदा मराठीत आणण्याचे माझे काम होते. ते करताना मी एक चूक केली. नोकरीतल्या इतर गोष्टी विसरले तरी ती विसरलेली नाही, म्हणून तीच सांगते.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. आम्ही महाल पेठेत राहत होतो. तुमचे आजोबा शाळेत शिकवत आणि मी नुकतीच बी. ए. झाले होते. सदर भागात एका बंगल्यात एक वृद्ध स्कॉच पाद्री राहत. शाळेतून निवृत्त झाले होते, बायको वारली होती, आणि आयुष्यभर इब्री, म्हणजे यहुद्यांची जुनी हिब्रू भाषा, शिकून आता त्या लोकांचे जुने कायदे मराठीत समजावून सांगणारे पुस्तक लिहीत होते. शेत, गुरे, विहिरी, साक्षीदार, वारस, असे कायदे. त्यांना इंग्रजी जाणणारा आणि मराठी घरात बोलणारा मदतनीस हवा होता. तुमच्या आजोबांनी माझे नाव सुचवले.

सासूबाई म्हणाल्या, "पगार तिकडून घरी आण. धर्म घरून तिकडे नेऊन ठेवू नकोस." त्यांच्या तीन अटी होत्या. पाण्याचा तांब्या घरचा न्यायचा, तिथला चहा घ्यायचा नाही, आणि परतल्यावर आंघोळ केल्याखेरीज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. त्या अटी मी नोकरी होती तोवर पाळल्या. आज त्याचा अभिमान नाही, पण नोंद खरी असावी.

पाद्रीसाहेबांचे मराठी शुद्ध होते, इतके शुद्ध की ते कोणालाच कळत नसे. तरुणपणी कोकणात एका शास्त्र्यांकडे ते शिकले होते. एकदा टांगेवाल्याला म्हणाले, "आपण अश्वास तृण घातलेत काय?" टांगेवाला बाबूमियां मान हलवून म्हणाला, "साहब, घोडा जेवला. आता तुमी बसा."

कामाची पद्धत अशी होती. सकाळी साहेब इब्री वाचत, अर्थ इंग्रजीत सांगत आणि मी तो मराठीत लिहीत असे. दुपारी सुवाच्य प्रत. आणि गुरुवारी 'ऐकवणे'. हा भाग त्यांच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा होता. हिंगण्याच्या पलीकडच्या एका खेड्यात मी टांग्याने जात असे. गावाचे नाव सांगत नाही, त्या माणसांची नातवंडे तिथे आहेत. हिंगण्याच्या रस्त्याने आता कारखान्यांच्या बसेस धावतात. तेव्हा बाभळी होत्या आणि धूळ होती. गावात मारुतीच्या देवळापुढे पार होता. तिथे मी आठवड्याचे पान मोठ्याने वाचायचे आणि मग एकेकाला विचारायचे, "काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा." जे त्यांना सांगता येणार नाही, ते आमचे लिहिणे चुकले असे धरायचे. शेतकऱ्याला शेताचा कायदा कळला नाही तर चूक शेतकऱ्याची नव्हे, हे साहेबांचे मत होते आणि मला ते अजून पटते.

यासाठी माझ्याकडे एक वही होती. निळे पुठ्ठे, आखलेले रकाने: नाव, काय समजले, काय अडले. वहीचा एकच नियम होता. ती फक्त आमच्यासाठी. कोण काय बोलला हे गावात कोणाला सांगायचे नाही, कारण लोक विश्वासाने बोलतात.

त्या वहीत मौजही पुष्कळ आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नका असा एक इब्री नियम आहे. तो ऐकून एक म्हातारा म्हणाला, "आमचा बैल मुसकं बांधलं तरी खाते. पण ज्यानं हा कायदा केला त्याच्या घरी बैल असन बाप्पा." शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांसाठी सोडा, असा दुसरा नियम. त्यावर बायका आपसांत हसल्या. मी कारण विचारले तर एक जण म्हणाली, "बाई, कोपरा सोडाले मालक तयार हाय. पण कोपरा किती मोठा, हे कोन सांगते?" साहेबांना हे सांगितले तेव्हा ते ताठ बसले. या प्रश्नावर इब्री पंडितांनी शेकडो वर्षे वाद घातला होता, असे ते म्हणाले.

मग हद्दीच्या दगडाचे पान आले.

तो कायदा आधी सांगते. इब्री लोक आपल्या देशात स्थिरावले तेव्हा जमीन घराण्या-घराण्यांत चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, असे त्यांचे ग्रंथ सांगतात. खरा मालक देव. माणसाला ती वारशाने सांभाळायला दिलेली. दोन शेतांच्या मध्ये भिंत नाही, तार नाही, नकाशा नाही. फक्त एक दगड. तो सरकवला की शेजाऱ्याच्या आज्याला आणि नातवाला, दोघांनाही एकदम लुटल्यासारखे होई. म्हणून पूर्वजांनी रोवलेला दगड हलवू नको, पोरक्यांच्या शेतात शिरू नको, त्यांचा कैवारी बलवान आहे, असे त्यांच्या शहाण्यांनी पुन्हा पुन्हा बजावले होते.

मला नवल वाटले ते शिक्षेचे. मेंढरू चोरले तर किती मेंढरे परत द्यायची, हे त्या कायद्यात मोजून दिलेले आहे. दगड सरकवणाऱ्याला दंडच नाही. त्याला फक्त शाप, आणि तोही एकट्याने द्यायचा नाही. अर्धे लोक एका डोंगराकडे, अर्धे समोरच्या डोंगराकडे. मध्ये उभे राहून पुरोहितांनी शाप पुकारायचा आणि सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचे. म्हणजे, तसेच होवो.

साहेब म्हणाले, "या यादीतले इतर अपराध पाहा. आंधळ्यास वाट चुकविणारा. शेजाऱ्यास गुपचूप मारणारा. ही पापे कोणी पाहत नाही. जेथे साक्षीदार नाही, तेथे सर्व गावास साक्षीदार केले आहे."

"आणि चोरच आमेन म्हणाला तर?"

"तर त्याने आपल्या शापावर आपणच सही केली."

आपल्या जुन्या स्मृतींतही सीमेचा दगड एक आणि जमिनीखालची गुप्त खूण वेगळी, कोळसा, खापरे, तूस पुरून ठेवावे, असे सांगितले आहे. मी हे सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला आणि त्यांनी ते समासात टिपून घेतले. मलाही आपल्या वाचनाचे कौतुक वाटले.

त्या गुरुवारी साहेबांनी वहीत एक नवा रकाना पाडायला सांगितला: 'उत्तर'. शाप वाचल्यावर गावकरी आपण होऊन 'असंच होवो' म्हणतात का, हे त्यांना पाहायचे होते. पारावर पुरुष बसले, खाली एका बाजूला बायका. पाराच्या पलीकडे, गुरांच्या दगडी डोणीजवळ, नेहमीप्रमाणे पुनाजी कोतवाल मांडीवर काठी आडवी घेऊन बसले होते. कोतवाल म्हणजे गावचा राखणदार. शिवा, वाटा, हद्दी हे त्यांच्या घराण्याचे पिढीजात काम. जातीने ते महार, त्यामुळे पाराला त्यांचा पाय लागत नसे. तेव्हा मी त्यांना एकेरी हाक मारत असे. इथे अहोजाहो करते आहे, ती दुरुस्ती नंतरची.

मी शाप वाचला आणि एकेकाकडे पाहून विचारत गेले. "असंच होवो." "असंच होवो बाप्पा." महादेव नावाचा एक धट्टाकट्टा शेतकरी तर ओरडलाच, "असंच होवो, अन् लवकर होवो!" लोक हसले. बायकांनी पदराआडून उत्तर दिले. मी तेवीस नावांपुढे खुणा केल्या. चोविसावे नाव पुनाजींचे. ते समोर पाहत होते, ओठ मिटलेले. मी लिहिले: 'उत्तर नाही.'

टांग्याकडे निघाले तेव्हा एक बाई माझ्या शेजारून चालू लागली. भागरता. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला होता, पदरी दोन मुली होत्या. महादेव तिचा धाकटा दीर.

"बाई, तुमी वाचलं नं, ते माया वावरातच झालं," ती म्हणाली.

नवरा असतानाच दोघा भावांची वाटणी झाली होती. विहीर भागरताच्या वाट्याला आली. त्या काळी विहिरीवर मोट चाले. मोट म्हणजे कातड्याची मोठी पखाल. ती वर ओढायला बैलांना विहिरीपासून उताराने खाली चालत जावे लागते. त्या उताराला धाव म्हणतात. धाव नसेल तर विहीर म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा. आणि ही धाव हद्दीला लागून होती. कोपऱ्याचा दगड पाच-सहा हात आत सरकला की विहीर भागरताची आणि धाव महादेवाची.

"आता तो म्हनते, धाव माईच होती, भावाले वापरू देल्ली होती. संत्र्याची झाडं चवथ्या वर्साची हाय वं बाई. या उन्हायात पानी नाई भेटलं तं सरपन होते त्याचं."

"पटवाऱ्याचा नकाशा आहे ना?"

"पटवारी म्हनते, पाच हात म्हनजे नकाशात एक रेघ. रेघीच्या इकडं का तिकडं, मले दिसत नाई म्हनते. या नाई, पुढच्या शनवारी तहसीलचे साहेब पाहाले येऊन राहिले. मायाकडून बोलनारं कोनी नाई. दगड सरकवला हे मले मालूम हाय. पन पाह्यलं कोनं?"

मग तिने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले. "आज सगळे बोलले का? तुमी लिहून ठेवलं नं? कोन नाई बोललं?"

मला नियम आठवत होता. पण तिच्या संत्र्यांचे, मुलींचे ऐकून माझे मन भरून आले होते, आणि खरे सांगायचे तर आपल्या वहीने एक चोर पकडला असे मला वाटू लागले होते. मी पान उघडून पाहिले, जणू मला पाठ नव्हते.

"पुनाजी," मी म्हणाले.

तिचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हंजे त्यानंच. दगड गाडनारा बी तोच होता."

पुढच्या गुरुवारी पारावर फक्त नऊ माणसे होती. डोणीजवळची जागा रिकामी. भागरता पुढे येऊन अभिमानाने म्हणाली, "त्याच्या दारात जाऊन, साऱ्या गावासमोर चोर म्हटलं म्या त्याले. दिराकडून काय खाल्लं ते सांग म्हटलं." तिच्या मागे उभी असलेली एक म्हातारी तिच्याकडे न पाहता मला म्हणाली, "बाई, काय करून ठेवलं तुमी? दगड कुठं गाडला होता हे जानते एकच मानूस. त्यालेच चोर केलं. आता तो म्हनते, त्या वावरात पाय नाई ठेवत." भागरता तिच्याकडे वळली. तिला ते तेव्हाच कळले असावे. शनिवारला दोन दिवस होते.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना सगळे सांगितले. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त आमच्या हस्तलिखिताचे पान मागवले आणि माझ्यापुढे ठेवले. हद्दीच्या दगडाच्या नियमाखाली लगेच, त्याच पानावर, पुढचा नियम आहे: एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणालाही दोषी धरू नये, दोन तरी हवेत. मराठी माझे होते. अक्षर माझे होते.

"आपल्याकडे किती साक्षीदार होते?" साहेबांनी विचारले.

"एकही नव्हता."

"मौन होते," ते म्हणाले. "मौनाचे भाषांतर आपण मूळ न वाचता केलेत. टांगा बोलावतो. हे काम मी करू शकत नाही, आपणच केले पाहिजे."

पुनाजींचे घर गावाच्या पूर्वेला, वस्तीच्या टोकाला होते. ते दारात अंबाडीचा दोर वळत बसले होते. मला पाहून उठले नाहीत, दोर वळतच राहिले. मी उभीच राहिले.

"पुनाजी, माझी चूक झाली."

"तुमची काहून होईन? तुमी शिकलेले."

"तुम्ही 'असंच होवो' म्हणाला नाहीत, म्हणून मी..."

"म्या काहून म्हनू?" त्यांनी दोर खाली ठेवला. "शाप देनं माया धंदा नाई, बाई. माया बापानं शीव दाखवली, आज्यानं दाखवली. म्या बी दाखवतो. ज्याले दगडाची जागा माईत नाई, त्यानं शाप द्यावा. मले माईत हाय."

"मग दाखवली का नाही? भागरताची विहीर जाते आहे."

"इचारलं कोनं?" ते म्हणाले. "महादेवानं इचारलं नाई, त्याचं बरोबर हाय. त्या बाईनं इचारलं नाई, तिले वाटलं कोतवाल मालदार मानसाकडून बोलन. पटवाऱ्यानं इचारलं नाई. अन् तुमी? तुमी पारावर सगळ्याईले इचारलं. याले इचारलं, त्याले इचारलं. मायाकडं पाह्यलं अन् लिहून घेतलं."

मी आठवून पाहिले. खरे होते. तेवीस जणांना मी प्रश्न विचारला होता. चोविसाव्याला प्रश्न विचारलाच नव्हता. फक्त उत्तर नाही असे लिहिले होते.

"आता विचारते. दाखवाल?"

"चारचौघात चोर म्हटलं मले. आता चोराच्या दाखवन्याले कोन मानते? तहसीलचा साहेब मानन?"

"ती गोष्ट माझ्या वहीमुळे झाली. चारचौघांतच मी ती मागे घेईन."

"पाहू," ते म्हणाले आणि दोर उचलला. ऊन कडक होते. त्यांच्या बायकोने मला पाणी विचारले नाही, कारण माझ्या हातात माझा तांब्या होता. तो मी लपवायला हवा होता की टाकून द्यायला, हे मला तेव्हा कळले नाही आणि मी तो तसाच घेऊन परतले.

शनिवारी शेतात अर्धा गाव जमला. नायब तहसीलदार खुर्चीवर, पटवारी नकाशा पसरून, महादेव पांढरे धोतर नेसून. भागरता विहिरीच्या काठाला धरून उभी. पुनाजी आले होते, पण बांधाबाहेर, दुसऱ्याच्या शेतात उभे होते. पाऊल ठेवणार नाही म्हणाले होते, ते शब्दाला पक्के.

मी पुढे झाले. अशा ठिकाणी बाईमाणसाने बोलण्याची रीत नव्हती. नायब तहसीलदारांनी भुवया उंचावल्या. मी वही उघडून दाखवली आणि म्हणाले, "पुनाजींच्या नावापुढे मी 'उत्तर नाही' असे लिहिले आणि ते बाहेर सांगितले. मी त्यांना प्रश्न विचारला नव्हता. नोंद खोटी आहे. त्यावरून त्यांच्यावर आळ आला, तो माझ्यामुळे आला."

भागरता विहीर सोडून बांधापर्यंत गेली. "चारचौघात म्हटलं होतं, चारचौघातच मागं घेते. पुनाजी, चुकलं मायं."

"तुयं नाई चुकलं वं," पुनाजी म्हणाले. "पुस्तकाचं चुकलं." आणि बांध ओलांडून आत आले.

दगडाकडे त्यांनी पाहिलेही नाही. मोटेचे पाणी जिथे पडते त्या दगडी थारोळ्याशी गेले आणि तिथून आपली काठी जमिनीवर आडवी टाकत मोजू लागले. ती काठी टेकायला नव्हे, मोजायला होती, हे मला इतक्या गुरुवारांत कळले नव्हते. सात काठ्या उगवतीकडे, तीन दक्षिणेकडे. तिथे कुदळ मारली. हातभर खोलीवर काळी माती लागली, मग कोळसे. स्मृतीत वाचलेले कोळसे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. त्या भागात रीत अशी होती की वाटणीच्या वेळी कोतवालाने खूण पुरायची आणि वाटेकऱ्यांनी पाठ फिरवून उभे राहायचे. म्हणजे खूण आहे हे सर्वांना ठाऊक, कुठे आहे ते एकालाच.

महादेव हसला. "कोयसे काय गा, कोनाच्याबी चुलीतले असते. कालच आनून गाडले असन."

"थांब नं बावा," पुनाजी म्हणाले. "आनखी उकरतो." वीतभर खाली एक जाड खापर निघाले. त्यांनी ते धोतराला पुसले. काठावर अंगठ्याने दाबून काढलेली वेलबुट्टी होती. "तुया मायचा रांजन फुटला होता वाटनीच्या वर्षी. त्याचं हाय. बाकीचा रांजन तुयाच आंगनात हाय. कोंबड्या झाकता तुमी त्यानं."

आधी पटवारी हसला, मग सगळेच. तहसीलदारांनी शिपायाला पाठवले. तो फुटक्या रांजणाचा वरचा भाग डोक्यावर घेऊन आला, आणि त्याच्या मागून दोन कोंबड्या चिडून गावभर ओरडत आल्या. खापर फुटक्या जागी लावले. वेलबुट्टी जुळली. साक्षीदार दोन झाले, एक पुनाजी आणि एक रांजण.

महादेवाने घाम पुसला. "नांगर लागून सरकला असन दगड. मले काय मालूम?"

तहसीलदारांनी तसेच लिहून घेतले. नांगराने हातभर दगड सरकतो, पाच हात सरकत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. पण दीर-भावजयीला त्याच गावात, त्याच विहिरीच्या दोन बाजूंना आयुष्य काढायचे होते. दगड त्याच दिवशी जागेवर गेला आणि धाव भागरताची राहिली. शापाचे विचाराल तर महादेव सुखाने म्हातारा झाला. संत्री मात्र पुढल्या वर्षी आली. भागरताने एक टोपली सदरला पाठवली, ती मी घरी आणली, आणि सासूबाईंनी ती 'फळाला विटाळ नसतो' म्हणून घरात घेतली.

साहेबांचे पुस्तक छापले गेले. फारसे कोणी वाचले नाही. दगडाच्या पानाखाली एक तळटीप आहे: मध्य प्रांतातील एका गावी हद्दीची गुप्त खूण कोतवालाच्या साक्षीने सिद्ध झाली. त्यात माझी चूक नाही. ती घालावी असे मी म्हटले होते. साहेब म्हणाले, तळटीप लहान असावी. पुढे ते मायदेशी गेले आणि निळी वही माझ्याकडे राहिली.

मीरा, कुंपणाचे म्हणशील तर वकिलाआधी आणि सोडून देण्याआधी त्या माणसाच्या दारी जा आणि त्याला विचार. तो रोज हात करतो, त्याचा अर्थ आपण लावू नये. आणि आधी त्या घरात कोण राहत होते तेही शोध. जुन्या माणसाला जुना खांब ठाऊक असतो.

आता वहीचे शेवटचे. त्यानंतरच्या गुरुवारी मी माझे स्टूल पारावरून उचलले आणि पाराच्या कडेला, डोणीच्या बाजूला मांडले. दोन वृद्ध उठून घरी गेले. त्या दिवशीच्या पानावर नावे कमी आहेत. मागच्या पानावरचे 'उत्तर नाही' मी तांबड्या शाईने खोडले आणि वर लिहिले, 'विचारले नाही.' मग त्या आठवड्याचे पान वाचले. ते साक्षीदारांच्या बाकीच्या नियमांचे होते. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न पुनाजींना केला. "काय समजलं, सांगा."

त्यांनी काठी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतली.

"आज नाई सांगत, बाई. आज आयकून राहिलो. पुढच्या खेपेले इचारजा."

मी रकान्यात लिहिले: 'पुनाजी कोतवाल. विचारले. पुढच्या वेळी सांगतील.'